न पळणारी हरणी: एका कारवानी कुत्रीची केस

हरणी, कारवानी (वेगात पळणारी शिकारी जात) कुत्री, वय चार वर्षं, रंग फिकट तांबूस, छातीवर पांढरा ठिपका. गाव अथणी तालुक्यात, जतच्या हद्दीला अगदी चिकटून, म्हणजे बांधाच्या अलीकडे कर्नाटक आणि पलीकडच्या माळावर महाराष्ट्र. मालक माझे सख्खे मामा. तक्रार एकच आणि ती मामांच्याच शब्दात सांगतो: "पळत न्हाई गा ही. दुसऱ्यानं पळवायचं आन् हिनं आयतं धरायचं. कामचुकार हाय नुसती."

सगळी केस ह्या एका तक्रारीत आलीय. मामा वैतागून बोलले पण त्यांनी जे बघितलं ते शंभर टक्के बरोबर बघितलं होतं, फक्त त्याला नाव चुकीचं दिलं. आपल्या भागात अशी किती कुत्री ह्या एका नावापायी विकली, सोडून दिली, कुणाच्या तरी गोठ्याला बांधून संपवली असतील ह्याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी थोडं मागचं. आमच्याकडे कारवानी म्हणजे शोसाठी पाळायचं कुत्रं नव्हे. मुधोळ इथनं फार लांब नाही, तिथल्या घोरपडे राजांनी ही जात जपली म्हणून कागदोपत्री नाव मुधोळ हाऊंड, 2005 साली पोस्टाने ह्या जातीचं पाच रुपयाचं तिकीट काढलं, 2016 च्या सुमारास मिलिटरीने मेरठच्या सेंटरला पिल्लं नेऊन ट्रेनिंग चालू केलं, मुधोळजवळ तिम्मापूरला व्हेटरनरी युनिव्हर्सिटीचं सेंटर पण आहे. हे सगळं झालं, पण वस्तीवर ते राखणीचं कुत्रंच. आजोबांच्या वेळी सशामागे सोडायचे, आता वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि मामा त्या बाबतीत कडक आहेत, हरभऱ्यातनं ससा आणि मक्यातनं डुक्कर हुसकावून लावायचं, बास, पुढं शिट्टी मारून कुत्री माघारी बोलवायची. हरणीबरोबर राजा नावाचा नर आहे, वयाने लहान, पळायला नुसता बाण.

बिनसलं ते जत्रेच्या शर्यतीत. मोटरसायकलच्या मागे दोरीला फडकं बांधून मैदानाला फेरी मारायची आणि कुत्र्यांनी मागे पळायचं, असा प्रकार. हरणी पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांबरोबर गेली, मग एकदम रांग सोडली, मैदानाच्या मधनं तिरकी कापत गेली आणि पलीकडच्या वळणावर जाऊन थांबली, फडकं तिथं आल्यावर तिने ते धरलं. लोकांनी दंगा केला, हरणी बाद, मामांचा चेहरा पडला. घरी आल्यावर मामी जेवायला वाढत होत्या आणि मामा म्हणत होते की रायबागचे पाव्हणे मागतात, देऊन टाकतो हिला.

ह्यात नवल असं काही नाही. इंग्लंडात ग्रेहाऊंड जोडीने सशामागे सोडायचा खेळ होता, 2005 पासून तिथे कायद्याने बंद आहे, त्या लोकांना हा प्रकार चांगला माहिती होता. कुत्रं थोडं अनुभवी झालं की जोडीदाराला सशाला वळवू देतं आणि आपण आतल्या बाजूने कापून येतं. तिथेही हा दोषच धरायचे, कारण खेळ वेगाचा होता ना, डोक्याला मार्क नव्हते.

मी मामांना म्हटलं, "मामा, पाव्हण्यांना जरा थांबा म्हणा, आधी डॉक्टरला दाखवू."

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारवानी पळायचं टाळतंय म्हटल्यावर पहिली शंका दुखण्याची घ्यायची, हुशारीची नव्हे. पायाच्या बोटांचे सांधे, तळव्याच्या गाद्या, मनगट, पाठीचा मणका हे सगळं दाबून बघायला लागतं, शिवाय आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की कुत्रं वरनं धडधाकट दिसतं आणि आतनं प्लेटलेट उतरलेल्या असतात, थोडं पळालं की बसतं. डॉक्टरने रक्त तपासलं, हिरड्या बघितल्या, छाती ऐकली. डाव्या पुढच्या पायाच्या एका बोटाला जुनी जखम होती ती पूर्ण भरलेली, बाकी सगळं नॉर्मल. म्हणजे दुखतंय म्हणून शॉर्टकट मारतीय ही शक्यता बरीच कमी झाली (पूर्ण गेली ती पुढे, सांगतो).

मग हरभऱ्यातला प्रसंग झाला. मामांच्या रानाची रचना अशी की वरच्या अंगाला माळ, मध्ये हरभरा आणि शाळू, खाली पाट, आणि पाटाला लागून गाडीवाट, त्या वाटेखालनं पाणी जायला सिमेंटच्या पायपाची मोरी. सकाळी सकाळी हरभऱ्यातनं ससा उठला, राजा मागे लागला, ससा दोन तीन झुकांड्या देऊन सरळ मोरीत घुसला. राजा मोरीच्या तोंडाशी जाऊन भुंकायला लागला, माती उकरायला लागला, त्याच्या लेखी ससा तिथंच होता जिथे शेवटचा दिसला. हरणी अर्ध्या वाटेतनंच फुटली होती. ती गाडीवाट ओलांडून पलीकडच्या तोंडापासून थोडी मागं, वाळलेल्या गवताआड उभी, तोंडातनं आवाज नाही. मामांनी शिट्टी मारली, दोघं माघारी आली, ससा सुटला. मामा मात्र तेवढ्यात म्हणाले, "बघितलास? परत हुबीच."

मला त्या उभं राहण्यातच सगळं दिसत होतं. कारवानी हे डोळ्यावर चालणारं कुत्रं. हलणारी वस्तू दिसली की पळायचं हे त्याच्या रक्तात आहे, आणि वस्तू दिसेनाशी झाली की बहुतेक कारवानी गडबडतात, इकडंतिकडं बघतात, सोडून देतात. इथे ही कुत्री डोळ्यासमोर पळत असलेला ससा सोडून अशा जागी जाऊन थांबली जिथे त्या क्षणी काहीच दिसत नव्हतं. शिकारी कुत्र्याची खरी हुशारी बघायची तर ती इथे बघावी, डोळा एक सांगतोय आणि अनुभव दुसरं सांगतोय तेव्हा ते कुणाचं ऐकतं ह्यात. पण असं वाटणं वेगळं आणि तपासून बघणं वेगळं.

सशावर टेस्ट घ्यायचा प्रश्नच नव्हता, कायद्यानेही नाही आणि मनालाही पटत नाही. मग जुन्या सायकलची रिम, दोन पुली आणि नायलॉनची दोरी घेऊन ओढायचं एक मशीन केलं, दोरीच्या टोकाला पांढरी कॅरीबॅग. रिम फिरवली की पिशवी जमिनीवरनं सशासारखी उड्या मारत जाते, राजा तर पहिल्याच दिवशी वेडा झाला तिच्यासाठी. दोरी मोरीतनं ओवून घेतली म्हणजे पिशवी एका तोंडातनं आत आणि दुसऱ्यातनं बाहेर. ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं हे ठरवून टाकलं, कारण जोरात पळालेल्या ग्रेहाऊंडचं अंगातलं तापमान 41 डिग्रीच्या घरात जातं हे मोजलेलं आहे आणि आमच्याकडं फेब्रुवारीतसुद्धा दहानंतर ऊन काय असतं ते सांगायला नको. आणि आत्ता लिहिताना लक्षात येतंय, जे कुत्रं उगाच पळत नाही ते दुसऱ्यांदा पळायला शिल्लक राहतं, हा हिशोब वस्तीवरच्या कुत्र्याला रोज लागतो.

पहिली शंका मामांचीच. 1904 साली बर्लिनमध्ये एका घोड्याची तपासणी झाली होती, तो म्हणे गणितं सोडवायचा, टापा आपटून उत्तर द्यायचा. निघालं असं की बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं अंग नकळत सैल व्हायचं आणि घोडा ते बघून थांबायचा. घोडा हुशार होताच, पण गणितात नव्हे, माणूस वाचण्यात. आता मामांना ती मोरी, तो सशाचा रस्ता तोंडपाठ, ते आधीच पलीकडच्या तोंडाकडं बघत असणार आणि हरणी त्यांच्याकडं. म्हणून मामांना त्या वेळी गावात चहाला पाठवलं, रिम फिरवायला भाच्याला खोपटाच्या मागं बसवलं, त्याला कुत्री दिसत नव्हती, आणि मी पाठ करून बसलो, मोबाईल बांधावर लावून ठेवला. व्हिडिओत हरणी तेच करते. राजा पिशवीमागं, ही गाडीवाटेवरनं पलीकडं.

दुसरी शंका, वासाची. पिशवी नवी कोरी, आणि वारं हरणीच्या पाठीमागनं मोरीकडं. वासाचा संबंध लागत नाही. तिसरी शंका आवाजाची, ही मला जास्त खरी वाटत होती, कारण पायपात पिशवी घासली की खरखर येते आणि कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. तेव्हा पिशवी मोरीत शिरल्या शिरल्या दोरी थांबवली. आत एकदम शांत. हरणी तरीही पलीकडं गेली. बराच वेळ थांबली, काही येईना, मग ती वाट ओलांडून अलीकडच्या तोंडाशी आली, राजाला खांद्याने बाजूला सारून आत वास घेतला, आणि परत पलीकडं जाऊन उभी राहिली. नंतर व्हिडिओत हे बघून भाचा मला म्हणाला, "मामा, ही बघून आली की आत हाय का न्हाई ते." त्याचं वय बारा, पण बोलला ते बरोबर बोलला.

आता राहिली सगळ्यात मोठी शंका, सवयीची. तीच मोरी, तोच पाट, रोजचं रान. एकदा कधीतरी ससा तिथनं निघाला असेल आणि तेव्हापासून तिला ती जागा पाठ झाली असेल, एवढंच. हे तपासायचं तर जागा नवीन पाहिजे. म्हणून अथणीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला एका ओळखीच्यांचं रान आहे तिथे गेलो, हरणीने ते रान आयुष्यात बघितलेलं नव्हतं. तिथे रस्त्याखालनं दोन पायपांची मोरी आहे, शेजारी शेजारी. आधी तिला तिथे फिरवलं नाही, गाडीतनं उतरवलं आणि थेट सोडलं.

इथं काय झालं ते सावकाश सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या केसमध्ये हे सगळ्यात भारी आहे. दोघंही पिशवीमागं पळाली, हरणीसुद्धा, म्हणजे इथे तिने वाटेत फाटा मारला नाही कारण तिला पुढं काय आहे ते माहितीच नव्हतं. पिशवी डावीकडच्या पायपात गेली. राजा डोकं आत घालून भुंकायला लागला. हरणी तोंडापासून हातभर अंतरावर थांबली, मान खाली घातली, आत बघितलं, डोकं आत घातलं नाही. मग दोन पावलं मागं सरली. कान पुढं. मान वर करून रस्त्याच्या भरावाकडं बघितलं, परत पायपाकडं, परत वर. आणि मग भराव चढून, रस्ता ओलांडून (दुसऱ्या भाच्याला रस्त्यावर गाड्या बघायला उभा केला होता) पलीकडं उतरली. पलीकडं तोंडं दोन. ती डावीकडच्या तोंडासमोर गेली नाही, उजवीकडच्याही नाही, दोन्हीच्या मध्ये, थोडी मागं सरकून, जिथनं दोन्ही दिसतात अशी उभी राहिली. परत जेव्हा तिथेच सोडलं तेव्हा ती अर्ध्या वाटेतनंच भरावाकडं वळली.

कुणी म्हणेल जनावर एकदा बघून शिकलं, त्यात काय. पण ते एकदा बघणं सुद्धा कसलं होतं, तिला पिशवी पलीकडनं निघताना दिसलेलीच नव्हती त्या वेळी. ओळखीच्या मोरीतला अनुभव तिने अनोळखी मोरीला लावून बघितला. राजा रोज तीच मोरी बघतो, त्याला हे अजून जमलेलं नाही, आणि राजा काय बिनडोक कुत्रा नाही.

एक गोष्ट राहिली. हरणीला एकटीला सोडली तर? मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती कामचुकार असेल तर एकटी असताना पण उभीच राहायला पाहिजे. राजाला बांधून ठेवला आणि हिला एकटी सोडली. अशी पळाली की मामा खाटेवरनं उठून उभे राहिले. सगळी वळणं पिशवीच्या मागनं, पोट जमिनीला लागेल इतकी खाली, पायाच्या दुखण्याची उरलीसुरली शंका पण तिथेच संपली. म्हणजे मागनं रेटणारा दुसरा कुणी असेल तर ती पुढं जाऊन थांबते आणि कुणी नसेल तर रेटायचं काम स्वतः करते. राजा आहे की नाही ह्यावर तिचा निर्णय बदलतो.

आता माझ्या मताच्या विरोधात जे जातं ते पण मांडतो, नाहीतर हे कौतुकाचं पत्र होईल. 2004 साली अमेरिकेत कुत्र्यांच्या डोक्याला कॅमेरा लावून ती हवेतली चकती कशी पकडतात ते बघितलं होतं. ती कुठे पडणार ह्याचा हिशोब कुत्र्याला करावा लागत नाही, चकती नजरेत सरळ रेषेत जाताना दिसत राहील असं नुसतं पळत राहिलं की आपोआप योग्य जागी पोचतं. शर्यतीत हरणीने मैदान तिरकं कापलं ते ह्याच नियमाने असू शकतं, त्यामुळे त्या शर्यतीला मी हुशारीचा पुरावा मानत नाही. 2011 साली दुसरं एक काम झालं, लांडग्यांच्या कळपाचं, कॉम्प्युटरवर. प्रत्येक लांडग्याला फक्त दोन नियम दिले, सावजापासून ठराविक अंतरापर्यंत जवळ जा, आणि मग बाकीच्या लांडग्यांपासून लांब सरक. एवढ्यावर कळपाने सावजाला घेरलेलं दिसतं, दबा धरल्यासारखंही दिसतं, आणि कुणी कुणाशी काही ठरवलेलं नसतं. राजापासून लांब राहायचं ह्या एका नियमाने हरणीचं बरंचसं वागणं समजतं हे मी मान्य करतो.

पण दोन्ही नियमांना सावज दिसत राहायला लागतं. मोरीत गेलेली पिशवी दिसत नाही, ऐकू येत नाही, वास नाही, तरी ती पलीकडं जाते आणि थांबते, आणि शंका आली तर परत येऊन खात्री करून जाते. हा भाग कुठल्याच साध्या नियमात बसत नाही, निदान मला तरी बसवता आला नाही. म्हणून माझं मत असं की हरणी वेगळी आहे, आणि वेगळेपण तिच्या थांबण्यात आणि खात्री करून येण्यात आहे.

लोक कुत्र्याची हुशारी आज्ञेवर मोजतात त्याचा इथे उपयोग नाही. हरणीला "बस" म्हटलं तर मनात आलं तर बसते. 1994 साली स्टॅन्ली कोरेन ह्या मानसशास्त्रज्ञाने जातींची यादी केली होती ती अजून फिरत असते, त्यात बॉर्डर कॉली पहिलं आणि अफगाण हाऊंड सगळ्यात शेवटी. अफगाण म्हणजे आपल्या कारवानीच्याच ढंगाचं, डोळ्यावर पळणारं कुत्रं. पण ती यादी आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या परीक्षकांना, साधारण 200 जणांना, विचारून केलेली आहे, म्हणजे सांगितलेलं किती पटकन ऐकतं एवढंच त्यात आहे. जे कुत्रं शेकडो वर्षं मालकापासून अर्धा कोस लांब स्वतःच्या डोक्याने काम करण्यासाठी निवडलं गेलं, त्याला मालकाच्या तोंडाकडं बघत बसायची सवय कुठनं असणार.

आणखी एक छोटी गोष्ट. एकदा मामांनी पलीकडच्या तोंडाला मोठा दगड लावून ठेवला होता. हरणी पलीकडं गेली, दगड बघितला, एकदा पायाने चाचपला आणि वळून मामांकडं बघायला लागली, मग दगडाकडं, मग मामांकडं. हंगेरीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये माणसानं वाढवलेले लांडगे आणि कुत्री ह्यांची तुलना केली होती, न सुटणारं काम समोर आलं की लांडगा स्वतःच झटत राहतो आणि कुत्रं माणसाच्या तोंडाकडं बघतं. काही लोक ह्याला कुत्र्याचा कमीपणा समजतात. मला नाही वाटत. मोरीपर्यंतचं काम माझं, दगड हलवायचं काम तुझं, हे कळणं लहान गोष्ट नाही. मामांनी दगड काढला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे होतं ते बघून रायबागच्या पाव्हण्यांचा विषय मी परत काढला नाही, त्यांनीही नाही.

आता ज्यांच्याकडे असं कुत्रं आहे त्यांना माझं एवढंच म्हणणं, विकायच्या आधी तीन गोष्टी बघा. दुखतंय का, एकटं असताना पळतं का, आणि नवीन जागेत काय करतं. नवीन जागेत जर ते थांबून, बघून, मग रस्ता बदलत असेल तर ते कुत्रं हातातनं घालवू नका. शर्यतीला नेऊ नका, तिथे ते हरणारच. राखणीला ठेवा आणि जोडीला एक पळणारं द्या.

हरणीची पिल्लं गेल्या महिन्यात डोळे उघडून फिरायला लागली, बाप राजाच. हे वागणं रक्तातनं येतं की आईच्या मागं फिरून शिकायला मिळतं हा प्रश्न उरलाय आणि त्यावर काहीही बोलायची माझी तयारी नाही. मामांशी बोलून असं ठरवलंय की एक मादी पिल्लू आईजवळ ठेवायचं आणि तिच्याच सोबतची दुसरी मादी दूध तुटल्यावर रायबागच्या पाव्हण्यांकडं द्यायची, जिथं हरणी तिला दिसणार नाही. पाव्हण्यांना अट एकच घातलीय, मोरी असलेल्या रानात तिला सोडायचं नाही. दोघी वर्षाच्या झाल्या की त्या रस्त्याकडच्या दोन पायपांच्या मोरीवर आणायच्या, रिम आणि दोरी खोपटात जपून ठेवलीय.